डोणीपाशी भरलेली शाळा

"खडकाला असे थर कशामुळे पडतात, कोण सांगेल?" ह्यांनी विचारलं.

कोणी सांगणार नव्हतं. सात वर्षांचा हेमू गूळपापडीची वडी चघळत होता आणि चार वर्षांची बकू गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीच्या काठावर पालथी पडून पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाशी काहीतरी बोलत होती. वैशाखातली भर दुपार, तेलघळीच्या घाटाचा माथा. सावली म्हणून होती ती आमच्या स्कूटरची, आणि तीसुद्धा चाकांखाली जाऊन लपलेली.

"मी सांगू?" मी म्हटलं. "पोरांना भूक लागली की बाप खडकाबद्दल विचारतो, म्हणून पडतात."

"मालन, टिंगल नको. शिकायचं वय हेच असतं."

हे म्हणजे डांगे मास्तर. कराडजवळच्या एका गावात शाळेवर होते आणि भूगोल शिकवायचे. भूगोल पुस्तकातून शिकवणं म्हणजे जेवणाचं वर्णन करून पोट भरणं, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याशा शैक्षणिक मासिकात त्यांनी एक लेख वाचला होता की लहान मूल प्रवासात जितकं शिकतं तितकं चार भिंतींत शिकत नाही. झालं. त्या वर्षी मे महिन्यात माझ्या माहेरी गुहागरच्या बाजूला एस.टी.नं जायचं सोडून आम्ही स्कूटरवरून निघालो. एस.टी.त पोरं झोपतात, स्कूटरवर झोपता येत नाही, म्हणून शिकतात. हेमू पुढे उभा, मग हे, मग मी एका बाजूला पाय सोडून, आणि आमच्या दोघांच्या मध्ये बकू, पोळीतल्या पुरणासारखी.

"लहान मूल म्हणजे टीपकागद," हे सकाळपासून म्हणत होते. "जिथे ठेवाल तिथली शाई उचलतं."

माझ्या गोष्टींमधली वांगी भोपळ्याएवढी असतात असं माझी नातवंडं म्हणतात. खरं आहे ते. पण ही गोष्ट मी वांग्याएवढीच ठेवणार आहे, कारण मोठी करायची हिंमत मला आजही होत नाही.

माझ्या माहेरची आम्ही घाटाखालची माणसं. आमच्याकडची एक चाल होती. घाटात कुठे टेकलात, पाणी प्यायलात, की निघताना प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारायची. मोघम बोलवायचं नाही. बैलालासुद्धा नुसतं 'चल' म्हणायचं नाही, 'चल रे ढवळ्या' म्हणायचं. का, ते मी लहानपणी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "बायो, मीठ खारट का ते कधी विचारलंस? मग हे कशाला विचारतेस?"

मी डबा पंच्यात बांधत होते. गाठ बसत नव्हती. तेवढ्यात मागून टाळ्या वाजल्या.

"चला, चला. सगळ्यांनी चला. मागे कोणी राहायचं नाही."

शाळेच्या सहली नेऊन नेऊन लागलेली सवय ती. मास्तर माणूस देवळातून निघतानासुद्धा टाळ्या वाजवतो. पण माझ्या हातातली गाठ सुटली. मघापासून झाडीत एक होला घुमत होता, तो थांबला. आणि डोणीतलं पाणी हललं. बकू तर केव्हाच काठावरून उठून उभी राहिली होती.

मी घाईघाईनं हाक मारली, "हेमंत, ये रे. बकू, ये गं, ये."

हेमू समोरून धावत आला. बकूचा हात मागून माझ्या हातात आला. गार, ओला. पाण्यात खेळल्यावर असतो तसा. मी तो घट्ट धरला आणि तिला उचलायला वळले. बकू अजून डोणीपाशीच उभी होती. माझी मूठ मिटलेली होती आणि तिच्यात काही नव्हतं.

ऊन लागलं असेल, मी मनात म्हटलं. बकूला जाऊन उचललं, दोघांच्या मध्ये बसवलं आणि आम्ही निघालो.

उतार होता. तेलघळीचा उतार असा की इंजिन बंद केलं तरी गाडी थेट कोकणात जाऊन थांबावी. पण आमची स्कूटर धापा टाकायला लागली. हे रेस देत होते, गिअर खाली आणत होते, आणि गाडी लग्नाच्या वऱ्हाडाचा बैल चालावा तशी चालत होती.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"समोरून वारा आहे."

झाडाचं पान हलत नव्हतं. पण भूगोलाच्या माणसाला वाऱ्याबद्दल कोण शिकवणार?

"आता सांगा," हे रस्त्यावर डोळे ठेवून मोठ्यानं म्हणाले, "डोंगराच्या ह्या अंगाला पडलेलं पाणी शेवटी कुठे जाईल?"

"चिपळूणला," हेमू म्हणाला.

"समुद्रात," बकू म्हणाली.

"शाब्बास बकू. बघितलंस मालन? चार वर्षांची आहे."

मी बघितलं होतं. बकूचा अंगठा तोंडात होता आणि तोंड माझ्या छातीवर टेकलेलं होतं. आवाज तिचाच होता. पण तो माझ्या पाठीमागून आला होता, जिथे स्टेपनीशिवाय काही नव्हतं.

"चैत्रानंतर काय येतं?" ह्यांचं चालूच.

"वैशाख," पाठीमागून आवाज. "मग जेठ. मग आषाढ. मग सरावण."

"श्रावण म्हणावं. पण छान. बरं, हा रस्ता होण्याआधी इथं काय असेल? विचार करून सांगा."

"वाट होती," आवाज म्हणाला. "डोणीखालनं. आया त्या वाटेनं खाली गेल्या."

हे इतके खूश झाले की गाडी वळणावर जरा जास्तच झुकली. "निरीक्षण," ते म्हणाले. "पायवाट पाहिली असणार तिनं. हे पुस्तकात मिळतं का?"

मी बकूच्या कानाशी तोंड नेलं. सकाळी कराड सोडताना तिनं बारा महिने धडाधड म्हणून दाखवले होते. "बकुडे, चैत्रानंतर काय येतं गं?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईकडे पाहावं तसं.

घाटाच्या मध्यावर पत्र्याच्या छपराचं एक हॉटेल होतं. गणू झोरे नावाचा म्हातारा चालवायचा. हॉटेल म्हणजे एक चूल, एक बाक आणि पेपरात गुंडाळलेली भजी. गाडी थांबवा म्हणून मी ह्यांच्या पाठीत बोट टोचलं.

"च्या टाक दोन," हे म्हणाले, "आणि मुलांना दूध घालून बशीत दे."

गणूनं आमच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. चुलीकडे तोंड करून त्यानं चहा उकळला, मग बाकावर चहाच्या बशा मांडायला लागला. एक मांडली, दुसरी मांडली, आणि मांडतच गेला. बाक संपला तसा शेवटच्या बशा भुईवर ठेवल्या. मग कमरेवर हात देऊन उभा राहिला. "बाई, बशा कमी पडाय लागल्या. निम्मी पोरं आधी पिऊ देत, मग इसळून देतो."

"दोनच मुलं आहेत," हे म्हणाले.

गणू वळला. आम्हाला पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. "असं?" तो म्हणाला. "कालवा तर लई पोरांचा आला. मला वाटलं, सहल हाय."

"घाटात प्रतिध्वनी येतो," ह्यांनी समजावलं. "हेमू, प्रतिध्वनी म्हणजे काय?"

हेमू भुईवर ठेवलेल्या बशांकडे पाहत होता. त्या बशांमधला चहा थरथरत होता. डोणीतलं पाणी हललं होतं तसाच.

मी बकूला मांडीवर घेतलं. "बकू, पी बाळा."

ती मांडीवर अंग चोरून बसली. "मी बकू नाही, बाई," ती म्हणाली.

बाई. मला.

"मग कोण तू?"

"माझं नाव तिच्याकडं आहे. तिला नव्हतंच. तू हाक मारलीस तेव्हा ती आधी आली. मग मी म्हटलं, घे. शाळेत पेन्सिल देतात तसं."

मीच तिला शिकवलं होतं, आपल्याकडे असलं की दुसऱ्याला द्यावं. दादाला वडी द्यावी, शेजारच्या पमीला बाहुली द्यावी. असं शिकवताना कुठे थांबायचं ते कोण सांगतं?

"ती कुठं आहे आता?"

"गाडीवर बसलीय. बाकीचे मागनं पळत येतात. त्यांना नाव नाही ना, मग कसं बसणार?"

"आणखी काय काय दिलंस तिला?"

"महिने दिले. रंग दिले. मोराचं गाणं दिलं." तिनं बोटं दुमडून मोजलं. "आता ती आई मागतेय."

"दिलीस?"

"अर्धी दिली," बकू म्हणाली.

मी उठले. बकूला कडेवर घेतलं, ह्यांच्या हातातला चहाचा ग्लास काढून चुलीपाशी ठेवला. "गाडी वळवा. वर जायचंय."

"वर? अगं, काय राहिलं तिथे? डबा?"

"तुमची मुलगी राहिली."

ह्यांनी कडेवरच्या बकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उन्हानं बाईचं डोकं फिरलं की काय करावं, हे त्या मासिकात नसावं. "मालन, दोन तासांत तुझ्या माहेरी पोचू. ओढ्यात गार पाण्यानं तोंड धू, बरं वाटेल."

"ओढा आमच्या वेशीवरचा. एकदा तो ओलांडला की मांडीवर जे असेल तेच आपलं. मग बदलून मिळत नाही. आई सांगायची."

"तुझी आई काय सांगायची त्याचं एक पुस्तक होईल."

"मग तुम्हीच परीक्षा घ्या. सकाळपासून घेताच आहात."

मी बकूला खाली उतरवलं आणि हे तिच्यासमोर उकिडवे बसले. चेहऱ्यावर शाळेतलं हसू आणलं. "काय बाळ, तुझं नाव काय?"

बकूनं परक्या माणसापुढे हलवतात तशी शहाण्यासारखी मान हलवली आणि स्कूटरकडे बोट दाखवलं.

"तिला विचारा, काका," ती म्हणाली.

मास्तरांनी आयुष्यभर पोरं पाहिली होती. सोंग करणारं मूल कोणतं आणि खरं बोलणारं कोणतं, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. पुन्हा काढला.

"टीपकागद शाई उचलतो म्हणता," मी हळू म्हटलं. "पण दौतीतली कमी होते ना?"

हे उठले, स्कूटरला किक मारली आणि चाक वरच्या बाजूला वळवलं. गणूनं पैसे मागितले नाहीत. तो हॉटेलचं तट्ट्याचं दार लावत होता, भर दुपारी.

तेलघळीचा चढ म्हणजे बैलगाडीला दोन जोड्या लागायच्या. स्कूटर तो कापसासारखी चढली. ह्यांनी रेस सोडून दिली तरी ती चढत होती. मी मागे वळून पाहिलं नाही, पण मडगार्डवर थापा पडल्याचा आवाज मला वाटभर येत होता. लहान तळव्यांचा. गाडी ढकलताना पोरांना किती मजा येते ते तुम्ही पाहिलं असेल.

माथ्यावर पोचलो. ऊन तसंच होतं, डोण तशीच. मी बकूला खाली उतरवलं आणि म्हटलं, "बकू म्हणून हाक मारू?"

"नको," हे म्हणाले. "हिचं नाव हिच्याजवळ नाहीये, गाडीवरच्या त्या मुलीकडे आहे. तू बकू म्हणून हाक मारलीस तर कोण येईल?"

हा विचार मला सुचला नव्हता. हाक मारायचीच चाल, आणि हाक मारायला नावच उरलं नव्हतं. मी डोणीच्या कडेला तशीच बसले.

मग ह्यांनी काय केलं असेल? शाळा भरवली.

त्याचं असं आहे. ह्यांच्या शाळेच्या गावाला दर हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. त्यांची पोरं फडात उघडी नागडी हिंडायची. हे त्यांना धरून आणून वर्गात बसवायचे. नाव विचारलं की पोरं सांगायची, बारकी, काळ्या, धोंडी, नाहीतर नुसती गप्प. मग हे स्वतःच नाव ठेवायचे. भूगोलाचा माणूस, नद्यांची नावं ठेवायचे. एकदा साहेब तपासणीला आले तेव्हा वर्गात कृष्णा कोयनेला चिमटा काढत होती आणि उरमोडी बाकाखाली झोपली होती. साहेबांनी विचारलं, ही काय नावं झाली? हे म्हणाले, साहेब, नाव असलं की पोरगं हाकेला येतं, आणि हाकेला आलं की शिकतं.

ह्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. वर्गात शिरताना लावतात तशी. आवाज काढला.

"बकूला सांगतो ते तिनं सगळ्यांना सांगावं. ओळीत बसा."

बकू डोणीमागच्या रिकाम्या पठाराकडे वळून काहीतरी म्हणाली. तिथलं वाळलेलं गवत गुडघाभर वाढलेलं होतं. ते ओळीनं दबत गेलं. एक ओळ, दुसरी, तिसरी. शेवटची ओळ जरा वाकडी होती, कुठल्याही शाळेत असते तशी.

हेमूनं माझा पदर धरला. मी त्याचा हात धरला. कोणी कोणाला धीर दिला ते सांगता येणार नाही.

"तुम्ही इथे कधीपासून बसलात?" ह्यांनी विचारलं. आवाज मास्तरांचाच होता.

बकूनं ऐकलं आणि आम्हाला सांगितलं. "त्यांच्या आया खाली गेल्या. बाबापण. घाट फोडायचा होता, सुरुंग लावायचा होता. आया म्हणाल्या, इथंच डोणीपाशी बसा, इकडं-तिकडं जाऊ नका. हाक मारू तेव्हा सगळ्यांनी या."

"मग?"

"मग डोंगर खोकला."

होला अजून गप्पच होता.

"मग कोणी हाक मारली नाही," बकू म्हणाली. "मग ह्या काकांनी मारली."

हे मटकन खडकावर बसले, मघाशी ज्याच्या थरांबद्दल विचारत होते त्याच. मला वाटलं, आता ह्यांच्यानं पुढे होत नाही. पण वर्ग समोर बसलेला असला की मास्तरला रडता येत नाही, असं मी आजवर पाहत आलेय. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"स्कूटरवर बसलेली मुलगी कोण? पुढे ये."

स्कूटर स्टँडवर होती, ती करकरली आणि हलकी झाली. धुळीत पावलं उमटली नाहीत. धूळ फक्त थोडी थोडी बाजूला झाली, आमच्या बकूच्या पुढ्यापर्यंत.

"तुझं नाव वेण्णा," हे म्हणाले. "चांगली नदी आहे. वरच्या डोंगरात उगम पावते, पुढे कृष्णेला भेटते. आता हे नाव तुझं. कोणाकडून मागायचं नाही आणि कोणाला द्यायचं नाही. आणि दुसऱ्याची वस्तू घेतली असेल ती परत करायची, हा शाळेचा पहिला नियम. समजलं?"

बकूनं दोन्ही हात पुढे केले, काहीतरी जड घ्यायला करावेत तसे, आणि एकदम मागे झोकांडी गेली.

"बाकीच्यांना देतो," हे म्हणाले. "ओळीनं घेऊ."

आणि मग त्यांनी नावं ठेवली. गवताच्या एकेका दबलेल्या जागेकडे बोट करून. कृष्णा. कोयना. वारणा. नीरा. भीमा. साताऱ्याच्या संपल्या तशा सोलापूरच्या घेतल्या, मग मराठवाड्यात गेले. मांजरा, तेरणा, पूर्णा, दुधना. मुलगा असेल तर काय, असा त्यांना मध्येच प्रश्न पडला. "मुलगा असेल त्यानं हात वर करावा," ते म्हणाले, आणि मागच्या ओळीत गवताची चार-पाच पाती सरळ झाली. त्यांना सिंधू, शोण, ब्रह्मपुत्र अशी लांबची नावं मिळाली. मी ह्यांचा भूगोल आयुष्यभर ऐकला, पण इतक्या नद्या ह्यांना पाठ आहेत हे त्या दिवशी कळलं. विदर्भात पोचेपर्यंत ह्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता.

"बाबा, उरमोडी राहिली," हेमू बारीक आवाजात म्हणाला.

"ठेव ती कोणाला तरी."

हेमूनं पहिल्या ओळीच्या कडेला बोट दाखवलं. तिथलं गवत खुशीत हललं.

"आता हजेरी," हे म्हणाले. "नाव घेतलं की हजर म्हणायचं. वेण्णा."

"हजर."

ऐकू आलं. आम्हा सगळ्यांना. आता तो बकूचा आवाज नव्हता. घोगरा होता, खूप दिवस न वापरलेला.

"कृष्णा." "हजर." "कोयना." "हजर." एकेका नावाला एकेक आवाज. एक बोबडा होता, 'हदल' म्हणाला. एकजण इतक्या जोरात ओरडला की मी दचकले. मी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर मला स्वच्छ भरलेला वर्ग दिसत होता, म्हणून पुन्हा उघडले, तर ऊन आणि गवत.

शेवटी हे थांबले. ओठ चाटले. "बकुळ त्र्यंबक डांगे."

कोणी बोललं नाही.

"बकुळ त्र्यंबक डांगे," ते पुन्हा म्हणाले. ह्या वेळी आवाज मास्तरांचा राहिला नाही.

बकू धुळीत बसली होती. तिनं अंगठा तोंडातून काढला, फ्रॉकला पुसला. "हजर, बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई, मघाची वडी दादानं सगळी खाल्ली. माझी कुठंय?"

मी तिला अशी उचलली की ती ओरडलीच. चैत्र म्हण, मी म्हटलं, पुढचं म्हण. तिनं फाल्गुनापर्यंत एका दमात म्हटलं. श्रावणाला श्रावण म्हणाली.

तिकडे हे उठून उभे राहिले होते. ओळी तशाच बसलेल्या होत्या. आया हाक मारतील तेव्हा या, असं सांगून गेल्या होत्या, आणि शहाणी मुलं सांगितलेलं ऐकतात. ह्यांनी दोन्ही हात वर केले. टाळी वाजवली नाही.

"वेण्णा, कृष्णा, कोयना, ज्यांची ज्यांची नावं घेतली, ती सगळी," ते म्हणाले. "आजची शाळा सुटली. आपापल्या घरी जा."

शाळा सुटते तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक क्षण कोणाचा विश्वास बसत नाही, आणि मग बांध फुटतो. गवत उभं राहिलं आणि पठारावरून पावलांचा एकच गदारोळ उठला, वाळल्या पाल्यावरून, डोणीला वळसा घालून, खालच्या जुन्या वाटेनं. हसण्याचे आवाज, ढकलल्याचे, कोणीतरी पडून उठल्याचे. डोणीतलं पाणी बाहेर सांडलं. किती होती? आमच्या चौघांच्या अंगावरून जाताना वारा लागला, एवढंच सांगते.

ती वाट दरीत उतरते आणि झाडीत दिसेनाशी होते. आवाज तिथवर गेले आणि बारीक झाले.

"झालं," मी म्हटलं. "हेमंत, ये, गाडीवर बस. बकुळ, तू माझ्याजवळ." दोघं आली. दोघांना नावानं बोलावलं होतं. मी वळले तर हे तिथे नव्हते.

हे वाटेला लागले होते. लहान पोरांना ओढ्यापर्यंत सोडायला जायची ह्यांची शाळेतली रीत. हात पाठीमागे बांधलेले, मान थोडी पुढे, एखाद्या पोराचं काही ऐकत चालल्यासारखे. झाडीत शिरायला थोडंच अंतर राहिलं होतं.

"अहो," मी हाक मारली.

ते थांबले नाहीत. पण खालून, त्यांच्याही पुढून, झाडीतून एक पुरुषाचा आवाज आला, "काय गं?"

तो ह्यांचा नव्हता.

अहो म्हणजे कोण? कोणीही. ज्या ज्या बाईचा नवरा त्या डोंगराखाली होता, त्यातला कोणीही. मी स्वतः घाटाखालची, आणि मोघम हाक मारून बसले होते. आणखी एकदा 'अहो' म्हटलं तर कोण कोण वर येईल, ह्याचा विचारसुद्धा नको वाटला.

नाव घ्यायला हवं होतं. पण लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मी त्यांचं नाव नुसतं कधी घेतलंच नव्हतं. आमच्या वेळी घेतच नव्हत्या. जीभ उचलेना. लहानपणापासून बसलेला लगाम तो, भीतीनंसुद्धा तुटत नाही. नाव घ्यायची एकच रीत मला ठाऊक होती. मग त्या उन्हात, दोन पोरं पोटाशी धरून, मी घसा ताणून उखाणा घेतला:

"डोणीतलं पाणी गार, डोक्यावर तापलंय ऊन,
त्र्यंबकराव, घरी चला, पोरं बसलीत गाडीवर."

ह्यांची पावलं थांबली. मग ते वळले आणि चढ चढून वर आले, हळूहळू, झोपेतून उठल्यासारखे. त्यांच्यामागून कोणी आलं नाही.

त्यांनी किक मारली. उताराला गाडी गडगडत सुटली, ब्रेक दाबून दाबून धरावी लागली. गणूचं हॉटेल बंद होतं. वाटेत ह्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. दरी मागे पडली, हेमू डुलक्या घ्यायला लागला आणि कोणी त्याला उठवलं नाही. वेशीवरचा ओढा आला. गुडघाभर पाणी उडवत आम्ही तो ओलांडला. बकू माझ्या पोटाशी होती, गरम, जड, घामेजलेली.

पलीकडे चढल्यावर हे पहिल्यांदा बोलले. मान न वळवता.

"मालन."

"काय?"

"यमक जुळलं नाही. ऊन, आणि पुढे गाडीवर? 'कधीपासून' म्हणायचं होतंस. पोरं बसलीत गाडीवर कधीपासून."

"तुम्ही आलात ना?" मी म्हटलं.